खणातली दुसरी चावी

मी एक जुनी चावी आहे. तुमच्या डोळ्यांसमोर येईल तशी दातेरी, कडीत अडकवलेली पितळी चावी मात्र नव्हे. मी एका भारी मोटारीची चावी आहे. काळी, गुळगुळीत, पाण्याने घासलेल्या चपट्या गोट्यासारखी. माझ्या अंगावर चार बटणे आहेत आणि पोटात नखाएवढे यंत्र आहे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला एक दिवस मला तुम्हाला सांगायचा आहे. तो आठवला की अजूनही माझ्या पोटातले यंत्र थरथरते. तेव्हा मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही जुळ्या बहिणी. एका साच्यातून निघालो आणि एका डबीत शेजारी शेजारी निजलो. तिथल्या कारागिराने आमचा गुप्त आकडा गाडीच्या स्मरणात भरला. जगात गाड्या लाखो असतील, पण आम्हाला ओळखणारी एकच, आणि तिचे दार उघडणाऱ्या आम्ही दोघीच. याचा मला फार अभिमान वाटे.

ती गाडी एका वयस्क गृहस्थांनी घेतली. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत. जन्मभर छापखाना चालवून त्यांची बोटे कायमची निळसर झाली होती. त्या बोटांनी त्यांनी आम्हा दोघींना आपल्या बायकोच्या ओंजळीत ठेवले.

“घे. चाळीस वर्षं माझ्या स्कूटरवर मागे बसलीस. आता गाडी तुझी.”

“माझी कसली? मला चालवता तरी येते का?” आई म्हणाल्या. त्यांना मी आई म्हणते, कारण घरात त्यांना सगळे आईच म्हणत.

“चालवीन मी. ड्रायव्हर मी, मालकीण तू. कागदावर तुझंच नाव घातलंय.”

आई लाजल्या आणि त्यांनी आम्हाला पदराने पुसले. ते माझे सुखाचे दिवस होते. एक आठवडा बहीण कामावर जाई, एक आठवडा मी. पण दोन वर्षांत बाबा गेले. तेराव्या दिवसाच्या आधीच त्यांच्या मुलाने आईंच्या कपाटातून आम्हा दोघींना उचलले. बहीण त्याच्या खिशात गेली आणि मी त्याच्या खणात.

मुलाला सगळे साहेब म्हणत. शेजारी म्हणत, किती शांत माणूस! लिफ्टमध्ये म्हाताऱ्यांसाठी दार धरून उभा राहतो, कधी आवाज चढवत नाही. ते खरेच होते. त्याचा आवाज घरातही चढत नसे. उलट तो खाली येई, आणि तो जितका खाली येई तितके घर गप्प होई.

खणात माझ्या सोबतीला एक बंद पडलेले घड्याळ, दोन चष्म्यांच्या काड्या आणि मुदत संपलेली कसली कसली कार्डे होती. वापराविना माझी बॅटरी संपली, मग पाझरली, आणि माझ्या आतल्या पत्र्यावर हिरवा गंज चढला. एकदा साहेबाने माझी बटणे दाबून पाहिली. मी बोलले नाही. “मेली ही,” असे म्हणून त्याने मला परत खणात फेकले. त्या दिवसापासून तो खणाला कुलूपही लावीनासा झाला.

पण मित्रांनो, चावीचा आवाज गेला तरी कान जात नाहीत. संध्याकाळी दार उघडे आणि साहेब माझ्या बहिणीला दाराजवळच्या काचेच्या वाडग्यात टाके. ठण्ण! त्या आवाजाबरोबर स्वयंपाकघरातला नळ बंद होई. सूनबाईंचे गुणगुणणे मध्येच तुटे. आईंच्या खोलीतला रेडिओ थांबे. माझ्याच बहिणीच्या आवाजाने एक घर श्वास रोखून धरी. हे ऐकताना मला कसे वाटत असेल, सांगा.

सूनबाई पूर्वी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करीत. ती सुटली. गाडीही उत्तम चालवीत. तेही सुटले. एकदा त्या भाड्याच्या गाडीने निघून गेल्या होत्या. संध्याकाळच्या आत साहेब याच गाडीतून जाऊन त्यांना घेऊन आला. काय झाले ते मला दिसले नाही. एक स्टीलचे भांडे फरशीवर बराच वेळ गोल गोल फिरत राहिल्याचा आवाज मात्र मी ऐकला. दुसऱ्या दिवशी सूनबाईंचे डावे मनगट प्लॅस्टरमध्ये होते.

चार दिवसांनी, साहेब घरात नसताना, कोणीतरी माझा खण उघडला. त्या आई होत्या. घड्याळ आणि कार्डे बाजूला सारून त्यांनी मला उचलले.

“डॉक्टरांनी मला विचारलं गं,” त्या मागे उभ्या असलेल्या सुनेला म्हणाल्या. “मी म्हटलं, बाथरूममध्ये पाय घसरला. पोटच्या पोरासाठी मी तोंड वर करून खोटं बोलले. पुन्हा नाही बोलणार.”

“आई, ठेवा ती. त्यांना कळलं तर?”

“ती मेलेली आहे म्हणतो ना तो? मेलेल्याची मोजदाद कोण ठेवतं?”

आणि त्यांनी मला पोलक्यात लपवले. तिथे मला त्यांच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते. चिमणी हातात धरावी तसे ते धडधडत होते.

आईंनी चोरून नवी बॅटरी आणली आणि नखाने माझे पोट उघडून बसवली. तरी मी मुकीच. गंजाने माझी दातखीळ बसली होती. तेव्हा त्यांनी शेजारणीच्या फोनवरून एका चावीवाल्याला बोलावले. हा माणूस दुकानात बसत नसे. आपल्या व्हॅनमध्ये सगळी यंत्रे घेऊन तो लोकांच्या दारी जाई आणि भारी गाड्यांच्या हरवलेल्या, बिघडलेल्या चाव्या करून देई.

तो दिवस आईंनी नीट निवडला होता. साहेब एका सहकाऱ्याच्या गाडीतून बैठकीला गेला होता. आमची गाडी इमारतीच्या तळघरात उभी होती. सकाळचे अकरा वाजले होते, तरी तिथे नळीचे दिवे लागलेले. खांबांच्या सावल्या, थेंब थेंब गळणारा पाइप, आणि प्रत्येक पावलाचा दुप्पट मोठा होऊन परत येणारा आवाज. सूनबाईंच्या पायाशी एकच बॅग होती. लिफ्टचे दार उघडले की दोघी एकदमच वळून पाहत.

चावीवाला पन्नाशीचा, बुटका, कपाळावर चष्मा चढवलेला माणूस. त्याने मला तळहातावर घेतले, उलटेसुलटे केले आणि हसला. “हिला जंग लागलाय, मावशी. मेलेली नाही, नुसती रुसलीय.”

बाबांनंतर माझ्याशी कोणी असे बोलले नव्हते. मला भरून आले.

“गाडीचे कागद दाखवा,” तो पुढे म्हणाला.

“ते गाडीतच आहेत, भाऊ. पुढच्या कप्प्यात.”

त्याचे हसू मावळले. “सगळे हेच सांगतात. एकदा एका गोडबोल्या माणसासाठी मी दार उघडून दिलं. गाडी दुसऱ्याचीच निघाली. चौकीवर आठ दिवस खेटे घातले मी.”

आईंनी पिशवीतून आपले ओळखपत्र काढून त्याच्या हातावर ठेवले. “मग तूच उघड, तूच कागद काढ, तूच वाच. नाव जुळलं नाही तर आल्या वाटेने जा.”

त्याने ओळखपत्रावरचे नाव पुटपुटत वाचले. सूनबाईंच्या मनगटाकडेही त्याचे लक्ष गेले. मग त्याने व्हॅनच्या मागच्या दारात मांडी घातली आणि मला उघडले. मऊ ब्रशने त्याने माझा गंज खरवडला, झिजलेल्या जागी तापल्या सळईने टाका घातला. दुखले, पण मी ओठ मिटून राहिले. त्याने बटण दाबले.

टक्! चार वर्षांनी गाडीने मला ओ दिली. तिचे दिवे दोनदा उघडमीट झाले. मला आनंदाने ओरडावेसे वाटले. पण चावीवाला म्हणाला, “या गाड्या मालकाच्या मोबाइलला चुगली करतात हं. दार उघडलं की लगेच निरोप जातो. कोणाच्या मोबाइलला जोडलीय?”

आई आणि सूनबाईंनी एकमेकींकडे पाहिले. दोघींचे चेहरे पांढरेफटक पडले. तेवढ्यात आईंच्या हातातला फोन वाजू लागला.

साहेबाचाच होता. कोणी उचलला नाही. तो थांबला आणि सूनबाईंचा वाजला. तो थांबला आणि पुन्हा आईंचा. त्या तळघरात दोन फोन आळीपाळीने किंचाळत होते. मग दोन्ही वाजायचे थांबले. मित्रांनो, ती शांतता त्या आवाजाहून भयंकर होती. फोन करणारा आता निघाला आहे, हे आम्हा सगळ्यांना कळले.

“किती लांब आहे तो?” चावीवाल्याने विचारले. आता त्याला सगळे समजले होते.

“वीस मिनिटं,” सूनबाई म्हणाल्या. “टॅक्सी लगेच मिळाली तर.”

“तुम्ही टॅक्सीने का नाही जात, ताई?”

“गेले होते. ते याच गाडीने शोधत आले.”

चावीवाल्याने कप्प्यातून कागद काढले. बोट ठेवून नाव वाचले, ओळखपत्राशी अक्षर अक्षर ताडून पाहिले, फोटो पाहिला, आईंचा चेहरा पाहिला. मला वाटले, आता हा हात झटकणार. नवराबायकोच्या भांडणात कोण पडतो? त्याने रुमालाने कपाळ पुसले.

“मावशी, गाडी तुमची आहे. तुम्ही काय सांगाल ते मी करीन. तुमच्या तोंडून सांगा.”

“त्याच्याकडची चावी बंद करून टाक.”

“करतो. पण आधी सगळ्याच चाव्या पुसाव्या लागतात. मग हातात असेल ती पुन्हा शिकवायची. दहा मिनिटं लागतील, आणि मध्ये थांबवता येणार नाही. तोवर तुम्ही कंपनीला फोन लावा. मालकीण म्हणून सांगा, त्याचा मोबाइल तोडा.”

सगळ्याच चाव्या पुसायच्या! हे ऐकून माझ्या अंगातले त्राण गेले. गाडीने मला विसरायचे? मी कोण, हे मग कोणाला ठाऊक असणार? आणि पुन्हा शिकवताना माझा नवा टाका तुटला तर? मग मी खरोखरच मेलेली चावी.

सूनबाई स्टिअरिंगमागे बसल्या. मी त्यांच्या घामेजलेल्या मुठीत होते. शेजारच्या आसनावर बसून चावीवाल्याने स्टिअरिंगखाली वायर खोचली. त्याच्या मांडीवरच्या यंत्रात एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. मागच्या आसनावर आई फोनवर कंपनीच्या माणसाशी बोलत होत्या. नाव सांगितले, गाडीचा नंबर सांगितला, जन्मतारीख सांगितली. पलीकडून विचारले गेले असावे की मोबाइल कोणाचा काढायचा.

“माझ्या...” आईंचा आवाज फाटला. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “माझ्या मुलाचा. हो. कायमचा.”

निळी पट्टी अर्ध्यावर आली. वरून एखादी गाडी गेली की छत घुमे आणि तिघांचेही श्वास अडकत. पट्टी पाऊण झाली. मग गाडीच्या आत काहीतरी विझले. मला ते कळले. क्षणापूर्वी ती मला ओळखत होती. आता मी तिला परकी होते. जत्रेत आईचे बोट सुटलेल्या मुलाला कसे वाटते, ते मला त्या क्षणी समजले.

“आता ताई, ती चावी या खाचेत ठेवा. लवकर.”

त्याच वेळी उतारावरून बुटांचा आवाज आला. टक, टक, टक. घाई नसलेला, एकसारखा. सूनबाईंना तो आवाज झोपेतही ओळखू आला असता. त्यांची मूठ उघडली आणि मी निसटले. आसनाच्या कडेला आपटून खाली अंधारात, लोखंडी पट्ट्यांच्या मधोमध जाऊन पडले.

“पडली! काका, पडली!”

“चाचपा. घाबरू नका. खाली हात घाला.”

फट डाव्या हाताला होती, आणि प्लॅस्टरमधला हात तिच्यात शिरेना. बोटांची टोके मला शिवत आणि मी आणखी आत ढकलली जाई. बुटांचा आवाज जवळ आला. आणि मला दुरून माझ्या बहिणीची चाहूल लागली. ती त्याच्या खिशात होती. आमच्या घरातली ती, एका डबीतली, आणि मी तिला इतकी भ्याले की मला मुके व्हावेसे वाटले.

सूनबाईंनी दात आवळले. प्लॅस्टरची कड लोखंडावर करकरली, त्यांच्या तोंडून अस्फुट किंकाळी निघाली, आणि दोन बोटांच्या चिमटीत मी वर आले. त्यांनी मला खाचेत दाबले. एक, दोन, तीन. गाडीने बारीक शीळ घातली. तिने मला पुन्हा ओळखले होते. फक्त मला.

चावीवाल्याने वायर उपटली, यंत्र काखोटीला मारले आणि बाहेर उडी टाकली. “दारं लावा, ताई! थांबू नका.”

चारही कुलपे एकदम बसली आणि सूनबाईंनी इंजिन चालू केले. काचेपलीकडे साहेब उभा होता. इस्त्रीचा शर्ट, भांगाचा एक केस हललेला नाही. त्याने खिशातून माझ्या बहिणीला काढले आणि बटण दाबले. गाडी गप्प. त्याने परत दाबले. पुन्हा पुन्हा दाबले. बिचारी बहीण जिवाच्या आकांताने हाका मारीत होती, मला ऐकू येत होत्या. गाडीला येत नव्हत्या.

“काय केलंस तू हिला?” त्याने चावीवाल्याची कॉलर धरली.

चावीवाल्याने यंत्र छातीशी धरले आणि तो म्हणाला, “गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी सांगितलं ते केलं, साहेब.”

“माझी गाडी आहे ती.”

“कागद तसं म्हणत नाहीत.”

साहेबाने त्याला ढकलून दिले आणि तो गाडीच्या समोर येऊन उभा राहिला. दोन्ही हात बॉनेटवर टेकले. वाकून काचेतून आत पाहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “उतर.”

मित्रांनो, तो एकच शब्द. सूनबाईंचा हात आपोआप दाराच्या कडीकडे गेला. चार वर्षांची सवय होती ती. इंजिन चालू होते, पण समोर माणूस होता. मागे भिंत होती. मला वाटले, संपले. आता मी परत खणात, आणि या दोघी परत त्या घरात.

“पोरी,” मागून आई म्हणाल्या. त्याही रडत होत्या. “त्याला लोकांची लाज वाटते. फक्त लोकांची. हॉर्न वाजव.”

आई काय म्हणाल्या ते कळायला सूनबाईंना एक क्षण लागला. त्या घरात त्यांनी कधी मोठ्याने कपसुद्धा ठेवला नव्हता. त्यांनी दोन्ही तळवे स्टिअरिंगवर ठेवले आणि सगळ्या अंगाचा भार टाकला.

तो आवाज! तळघराच्या भिंतींनी तो झेलला आणि चौपट करून परत दिला. त्यांनी हात उचललाच नाही. वरून पहारेकरी धावत आला. लिफ्टमधून दुसऱ्या मजल्यावरचे जोडपे बाहेर पडले. भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी थबकल्या. कोणीतरी जिन्यातून वाकून विचारले, “काय झालं? कोणाला लागलं का?”

साहेब ताठ उभा राहिला. त्याने बॉनेटवरचे हात काढले. कॉलर सारखी केली. आणि तो हसला, शेजाऱ्यांच्या ओळखीचे ते गोड हसू. “काही नाही, काही नाही. हॉर्न अडकलाय,” असे म्हणत, जणू गाडीला वाट करून देतोय अशा ऐटीत, तो दोन पावले बाजूला सरला.

दोन पावले पुरेशी होती. सूनबाईंनी गिअर टाकला. गाडी गचका खाऊन पुढे गेली, खांबाला आरसा घासला, आणि आम्ही उतार चढून लख्ख उन्हात आलो. पहिल्या वळणापर्यंत त्या हॉर्नवरचा हात काढायलाच विसरल्या होत्या.

सहा तासांच्या प्रवासात दोघी फार बोलल्या नाहीत. मागून कोणतीही गाडी जवळ आली की सूनबाई आरशात बघत. आई मात्र एकदाच म्हणाल्या, “शेवटी मागेच बसले बघ मी.” मग दोघी हसल्या आणि हसता हसता रडल्या.

आता आम्ही आईंच्या धाकट्या बहिणीकडे राहतो. त्याच संध्याकाळी सूनबाई पोलिसांकडे गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आईंनी डॉक्टरांना खरे काय ते लिहून पाठवले. पुढे चावीवाल्याने फोनवर सांगितले की साहेबाने माझ्या बहिणीला तळघराच्या भिंतीवर फेकून मारले. तिचे तुकडे चावीवाल्याने वेचून ठेवले आहेत. मला फार वाईट वाटते. तिचा काय दोष होता? कोणत्या खिशात पडावे, हे चावीच्या हातात नसते.

माझ्या अंगावरही आता ओरखडे आहेत. माझे एक बटण अडकते. पण महिन्यातून एकदा आई मला मऊ फडक्याने पुसतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी बॅटरी बदलतात. सूनबाईंना नव्या प्रयोगशाळेत काम मिळाले आहे.

मित्रांनो, माझी विनंती ऐका. घरातली दुसरी चावी कुठे आहे, ते माहीत करून घ्या. तिला गंज चढू देऊ नका. आणि एखाद्या घरात कोणाचे पाऊल वाजताच सगळे गप्प होत असतील, तर तिथे फार शांत माणसे राहतात असे समजून पुढे जाऊ नका. थांबा. दार वाजवा. कोणाला लागले का, असे विचारा. त्या दिवशी जिन्यातून ते कोणी विचारले ते मला अजून कळलेले नाही, पण मी त्या आवाजाची ऋणी आहे.

भीती लगेच जात नाही. इथे आल्यावर सूनबाई गाडीला कुलूप लावून दार ओढून बघत. एकदा, दोनदा, तीनदा. मग चार पावले जाऊन परत येत आणि चौथ्यांदा ओढत. मी त्यांच्या मुठीत असे आणि मुकाट्याने वाट पाही. काल संध्याकाळी त्यांनी माझे बटण दाबले, दार एकदाच ओढले, आणि गुणगुणत जिना चढल्या.